धाकट्या साडूंचा ब्लॉक

पॉइंटकाकांचं खरं नाव गल्लीतल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं, आणि उरलेल्या निम्म्यांनी ते कधी वापरलं नव्हतं. जुन्या इंजिनांचे मेकॅनिक त्यांच्याकडे काहीही विचारायला आले, की उत्तर 'पॉइंट'पासूनच सुरू व्हायचं. "पॉइंट झिरो दोनने सिलिंडर लंबगोल झालाय." "पॉइंट झिरो पाच अजून काढता येईल, त्यापुढे हात लावू नकोस." चहात साखर किती घालू, असं काकूंनी विचारलं तरी 'पॉइंट पाच चमचा' असंच उत्तर येत असणार, अशी मेकॅनिकांची खात्री होती, आणि ती फारशी चुकीची नव्हती.

त्यांचं काम एकच. शर्यतीत धावलेल्या जुन्या गाड्यांचे ब्लॉक तपासायचे. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा तो मुख्य ओतीव ठोकळा, ज्यात सिलिंडर कोरलेले असतात. तो ठीक असेल तर बाकी सगळं बदलता येतं. तोच गेला असेल तर बाकीचं सोन्याचं असून उपयोग नाही. काका ब्लॉक उकळत्या सोड्यात धुऊन घेत, चेनपुलीवर टांगत, छोट्या हातोडीने टिचकी मारून आवाज ऐकत, मग सगळी मापं घेत. प्रत्येक माप तीनदा. शेवटी वहीचं अर्धं पान फाडून त्यावर चार ओळींचा निकाल लिहून देत. या अर्ध्या पानाला सगळे 'चिठ्ठी' म्हणत. काकांची चिठ्ठी आली की वाद संपला. गाडी कितीही मोठ्या माणसाची असो, चिठ्ठीत 'नको' असेल तर तो ब्लॉक गाडीत बसत नसे. बत्तीस वर्षांत एकही चिठ्ठी परत आली नव्हती. काकांकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं, आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

म्हणजे, धाकटे साडू येईपर्यंत पुरत होतं.

काकूंच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा हे साडू एका कचेरीत नकाशे काढत होते. त्यांना इंजिनांची आवड होती, म्हणून सासऱ्यांच्या शब्दाखातर काकांनी त्यांना सहा महिने आपल्या टेबलाशी उभं केलं. सिलिंडरचा व्यास मोजायचं बोअरगेज कसं धरायचं ते शिकवलं, हात कुठे हलतो ते दाखवलं. सहा महिन्यांनी साडू नमस्कार करून गेले आणि काही वर्षांत त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. जुन्या गाड्यांसाठी नवे ब्लॉक बनवायचा कारखाना. मूळ कंपनीने चाळीस वर्षांपूर्वी बंद केलेला ब्लॉक हे पुन्हा ओतून, कातून, खोक्यात घालून देत. गाडीवाल्यांना कोण आनंद. काकांना वाटलं, आपण सहा महिने आपल्याच मुळावर घाव घालायला शिकवत होतो.

त्या कारखान्याच्या उद्घाटनाला काका एकदाच गेले होते. फरशी इतकी चकचकीत, की त्यांनी दारातच बूट काढले. आत गेल्यावर पाहतात तर सगळे बूट घालून फिरताहेत. मोज्यांवर अख्खा कारखाना पाहून, पेढीवरच्या मुनिमासारखं हसून ते परत आले, आणि त्यानंतर सात वर्षं तिथे फिरकले नाहीत.

सासरी गेलं की दुसरी तऱ्हा. सासरे आधी थोरल्या जावयाला "काय, बरं आहे ना?" एवढं विचारत आणि मग खुर्ची धाकट्याकडे वळवून बसत. "मग नवीन मशीन आलं म्हणे? स्वतःच मोजतं?" धाकटे साडू हसून म्हणत, "मोजतं, पण दादांइतकं नाही." यावर सगळे हसत. काकांना ते हसणं थेट कानशिलात बसे. माणूस निदान फुशारकी मारणारा असता तर त्याला मनातल्या मनात चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. हा तोही मार्ग ठेवत नव्हता.

अशात एके दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचे वडील एके काळचे शर्यतवाले. ते वारले आणि गाडी मुलीकडे आली. तीन आठवड्यांनी जुन्या गाड्यांची शर्यत होती आणि वडिलांची गाडी बाई स्वतः चालवणार होत्या. टेम्पोतून दोन वस्तू उतरल्या. एक काळाकुट्ट, तेलकट ब्लॉक, आणि एक नवं कोरं लाकडी खोकं.

"हा बाबांचा," बाई काळ्या ब्लॉकवर हात ठेवून म्हणाल्या. "याचं काम तुम्हीच केलं होतं म्हणे."

काकांनी वाकून पाहिलं. तिसऱ्या सिलिंडरजवळ त्यांनीच ठोकलेला बारीक ठिपका होता. एकतीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते.

"मीच केलं होतं. आणि त्या खोक्यात काय?"

"नवा ब्लॉक. याच गाडीसाठी बनवलेला. जुना वापरू की नवा, तेवढं तुम्ही सांगा. तुमची चिठ्ठी येईल तो बसवायचा." खोक्यावरचं नाव काकांनी वाचलं आणि त्यांच्या कपाळावरची शीर हलली. बाई पुढे सांगत होत्या, "खरं म्हणजे त्यांनीच मला..."

"बघतो," काकांनी त्यांना मध्येच तोडलं. "परवा या."

बाई गेल्या. काका दोन ब्लॉकांच्या मध्ये उभे राहिले. एकीकडे स्वतःच्या तरुणपणाचं काम, दुसरीकडे धाकट्या साडूंचं. निकाल कोणी द्यायचा, तर त्यांनीच. अशी संधी देव रोज देत नाही, असं त्यांना वाटलं. आणि असं वाटल्याची त्यांना लाजही वाटली नाही.

जुना ब्लॉक त्यांनी दिवसभर तपासला. टिचकी मारली तर लांब, भरीव आवाज आला. हजारदा तापून, हजारदा निवून मुरलेलं लोखंड ते. आता ते वाकडं व्हायचं नाही, जे काही व्हायचं ते केव्हाच होऊन गेलेलं. चिरा नव्हत्या. मग सिलिंडरच्या भिंतींची जाडी. शर्यतीसाठी भिंत साडेचार मिलिमीटरच्या खाली नको, हा काकांचा नियम. पहिला, दुसरा, चौथा सिलिंडर पावणेपाचच्या आसपास. तिसऱ्याची एक बाजू मात्र चार पॉइंट एक. ओतताना साचा जरासा सरकला असणार. त्यात लायनर म्हणजे आतून नळी बसवली की भागेल. काकांनी सगळं प्रामाणिकपणे वहीत उतरवलं. जुन्यावर त्यांचा जीव होता, पण मापात त्यांनी कधी जीव मध्ये येऊ दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खोकं फोडलं. आतला ब्लॉक राखाडी, स्वच्छ, कडा तासून गुळगुळीत केलेल्या. बाजूला घड्याळाच्या डबीएवढी एक पुठ्ठ्याची डबी होती, साडूंच्या कारखान्याचं चित्र छापलेली. काकांनी ओठ मुडपले. दर नव्या वर्षाला साडू नातेवाइकांना काहीतरी वाटत. एकदा कॅलेंडर, एकदा लोखंडी पेपरवेट. 'आता तपासणाऱ्यालाही पेपरवेट,' काका स्वतःशीच म्हणाले आणि डबी न उघडताच जेवणाच्या पिशवीत टाकली.

भिंतीची जाडी मोजायचं त्यांचं यंत्र हातात मावेल एवढं होतं. भिंतीच्या आतल्या बाजूला कोणतंही पकड-माप पोहोचत नाही, म्हणून हे यंत्र लोखंडात आवाज सोडतं, तो पलीकडून आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघतं आणि त्यावरून जाडी सांगतं. फक्त त्या लोखंडात आवाज किती वेगाने धावतो, हे यंत्राला आधी सांगावं लागतं. त्यासाठी काकांकडे एका फुटक्या जुन्या ब्लॉकमधून कापलेला, बरोबर दहा मिलिमीटरचा तुकडा होता. रोज सकाळी यंत्र त्या तुकड्यावर टेकवायचं, आकडा दहा येईल असं लावून घ्यायचं, मग कामाला लागायचं. त्या दिवशीही त्यांनी तेच केलं.

नव्या ब्लॉकच्या पहिल्या सिलिंडरवर जेलचा थेंब लावून यंत्र टेकवलं. चार पॉइंट तीन.

काकांनी चष्मा वर केला. दुसरा सिलिंडर, चार पॉइंट तीन. तिसरा, चार पॉइंट दोन. चौथा, पुन्हा चार पॉइंट तीन. खोक्यातल्या साडूंच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं: भिंत पाच मिलिमीटर.

"पाच म्हणे," काका मोठ्याने म्हणाले. दुकानात ऐकायला कोणी नव्हतं याचं त्यांना वाईट वाटलं.

त्यांनी प्रत्येक माप एकदाच घेतलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मनाला हवा तोच आकडा समोर आला होता, आणि असा आकडा माणूस पुन्हा विचारत नाही. चिठ्ठी लिहिताना त्यांचं अक्षर नेहमीपेक्षा वळणदार आलं. 'जुना ब्लॉक चांगला. तिसऱ्या सिलिंडरला लायनर घालून शर्यतीस योग्य. नवा ब्लॉक: भिंती पातळ, सांगितल्यापेक्षा बऱ्याच कमी. शर्यतीस नको.' 'बऱ्याच' खाली त्यांनी रेघही ओढली.

बाईंनी चिठ्ठी वाचली. "अरेरे," त्या म्हणाल्या. "त्यांना वाईट वाटेल. उद्या अकरा वाजता त्यांच्याकडे जाऊन ब्लॉकचं काय ते सांगते. तोवर नवा राहू दे इथेच."

"सांगा," काका म्हणाले. "चिठ्ठी दाखवा. अक्षर ओळखतील ते."

त्या संध्याकाळी घरी जाताना काकांनी कोपऱ्यावरच्या कुत्र्यालाही बाजूला हो न म्हणता वळसा घातला. काकूंनी चहा ठेवला आणि रिकामा डबा काढायला पिशवी उपसली, तर पुठ्ठ्याची डबी हाती आली.

"अगं बाई, हे काय?"

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्याने पाठवलंय. पेपरवेट असेल. ठेव दाराला अडकण म्हणून."

"उघडलीही नाही?" काकूंनी डबी उघडली. "पेपरवेट कसलं, लोखंडाचा तुकडा आहे. तेलकट कागदात गुंडाळलाय. आणि चिठ्ठी आहे." त्यांनी चष्मा शोधून वाचलं. "'दादा, या ब्लॉकच्याच ओतातला तुकडा. जाडी बरोबर दहा. आधी लोखंड, मग माप. तुमचाच धडा.' म्हणजे काय हो?"

काकांनी हातातला कप न पिताच खाली ठेवला.

म्हणजे काय, ते त्यांना पुरतं समजलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी टेबलाशी उभ्या केलेल्या साडूंना त्यांनी पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं. आधी लोखंडाची ओळख, मग माप. प्रत्येक लोखंडात आवाज सारख्या वेगाने धावत नाही. जुन्या राखाडी लोखंडात तो रेंगाळतो. नव्या जातीच्या चिवट लोखंडात सुसाट सुटतो, लवकर परत येतो, आणि यंत्र जुन्याच वेगावर लावलेलं असेल तर त्याला वाटतं, भिंतच पातळ आहे. नवा ब्लॉक त्याच चिवट लोखंडाचा होता. खोक्यावर लिहिलेलंही होतं. काकांनी वाचलं ते फक्त नाव.

"चहा निवतोय," काकू म्हणाल्या.

"निवू दे."

"बरं नाही वाटत का? धाकटीला फोन लावू? तिच्याकडे ते कसलंसं औषध..."

"तिच्याकडचं काही नको आहे मला," काका ओरडलेच; मग आवाज खाली आणून म्हणाले, "तो तुकडा दे इकडे."

सकाळी आठला दुकान उघडलं. यंत्र त्यांच्या जुन्या तुकड्यावर दहा दाखवत होतं. तेच साडूंच्या तुकड्यावर टेकवलं. साडेआठ. मायक्रोमीटरने तोच तुकडा धरला. बरोबर दहा, पॉइंट झिरो एकचाही फरक नाही. काकांनी यंत्र नव्या तुकड्यावर लावून घेतलं आणि नवा ब्लॉक पुन्हा मोजला. पाच पॉइंट झिरो. पाच पॉइंट एक. चार पॉइंट नऊ. पाच पॉइंट झिरो. तीनदा मोजला. आकडे हलले नाहीत.

मग त्यांनी नवा ब्लॉक चेनपुलीवर टांगला. काल टिचकी मारायचीही गरज वाटली नव्हती. हातोडी लागली आणि घंटेसारखा आवाज दुकानभर फिरला. काकांनी मनात आकडे मोजले. जुन्यापेक्षा दोन आकडे जास्त वाजला. त्यांना त्या आवाजाचाही राग आला.

दुकानात सकाळी कोणी नव्हतं. गप्प बसणं सोपं होतं. बाई चिठ्ठी दाखवतील, साडू हसून ब्लॉक परत घेतील, काकांचा जुना ब्लॉक लायनर घालून धावेल आणि कदाचित जिंकेलही. पण बत्तीस वर्षांची चिठ्ठी म्हणजे नुसता कागद नव्हता. ती खोटी आहे हे एकट्या काकांना माहीत असलं, तरी तेवढं पुरे होतं. पुढची प्रत्येक चिठ्ठी लिहिताना हात थबकला असता. आणि दुसरी गोष्ट, जी त्यांनी स्वतःशीही अर्धीच कबूल केली: उद्या साडूंनी आपल्या मशीनवर पडताळून पाहिलंच, तर? मग तर सासऱ्यांच्या खुर्चीला वळायचीही गरज उरणार नव्हती.

अकराला दहा कमी असताना ते साडूंच्या कारखान्याच्या दारात पोहोचले. बूट काढायला वाकले आणि थांबले. बूट घालूनच आत गेले.

आत करवतीच्या मशीनजवळ घोळका होता. डॉक्टरीणबाई आधीच आल्या होत्या. साडूंच्या हातात काकांची कालची चिठ्ठी होती आणि समोर त्याच ओतातला दुसरा एक नवा ब्लॉक मधोमध कापून ठेवला होता. कापलेल्या सिलिंडरची भिंत चंद्रकोरीसारखी उघडी पडली होती. साडूंच्या दुसऱ्या हातात मायक्रोमीटर होता.

काकांना एका नजरेत सगळं कळलं. यांनी कापून पाहिलंय. यांना आकडा कळलाय.

"या दादा," साडू म्हणाले, जणू दादा रोजच येतात. "बाईंनी चिठ्ठी सकाळीच फोनवर वाचून दाखवली. म्हटलं, दादांनी पातळ म्हटलंय तर थांबायलाच हवं. बाकीचे सात ब्लॉक पाठवायचे थांबवलेत."

"मग किती भरलं?" बाईंनी विचारलं.

साडूंनी काकांकडे पाहिलं. मायक्रोमीटर खिशात टाकत ते म्हणाले, "अजून नीट बघायचंय. दोघं मिळून बघतो आम्ही. घाई कशाला."

आठ ब्लॉकांपैकी एक कापून हा माणूस वाट्याला आलेला विजय खिशात लपवत होता. चार माणसांत दादांचा शब्द खाली पडू नये म्हणून. सात वर्षं काकांनी या माणसाच्या कारखान्याचा, फरशीचा, सासऱ्यांकडच्या खुर्चीचा हेवा केला होता. या क्षणी जो हेवा वाटला, त्यापुढे ते सगळं पोरखेळ होतं. हे आपल्याला सुचलं नसतं, एवढं त्यांना नक्की ठाऊक होतं.

"बघायचं काही नाही," काका म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. मशीनवरचे तिघे कामगार वळले. "पाच भरलं असेल. पाच पॉइंट झिरो. माझी चिठ्ठी चुकली."

"दादा, राहू द्या ना..."

"मध्ये बोलू नका. बाई, मी यंत्र जुन्या लोखंडावर लावून नवं लोखंड मोजलं. यांनी योग्य तुकडा सोबत दिला होता. मी डबी उघडलीच नाही. कोणी शिकाऊ माणसाने असं केलं असतं तर मी त्याला दुकानातून काढला असता."

बाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "आणि मी पहिल्या दिवसापासून सांगायचा प्रयत्न करतेय," त्या म्हणाल्या, "की तुमच्याकडे मला यांनीच पाठवलं. म्हणाले, दादांनी हो म्हटलं तरच ब्लॉक घ्या, नाहीतर मी विकत नाही."

हेही असणारच होतं. काकांनी खिशातून वही काढली, मशीनच्या टेबलावर टेकवून अर्धं पान लिहिलं, फाडलं आणि कालची चिठ्ठी साडूंच्या हातातून घेऊन तिचे चार तुकडे केले.

नवी चिठ्ठी बाईंनी मोठ्याने वाचली. "'कालची चिठ्ठी रद्द. नवा ब्लॉक: भिंती पाच, आवाज उत्तम. शर्यतीस हाच बसवावा. जुना ब्लॉक: तिसरा सिलिंडर पातळ. लायनर घालून सावकाश फिरवण्यास योग्य. जपून ठेवावा.'" त्यांनी कागद खाली केला. "बाबांचा धावणार नाही तर."

"धावेल. पण जिवावर उदार होऊन नाही. कालच्या निकालात माझा जीव मध्ये आला होता," काका म्हणाले. "लायनर मी घालून देतो. शर्यत संपली की रविवारी फिरवा."

बाई नवी चिठ्ठी घडी करून गेल्या. कामगारही पांगले. कापलेल्या ब्लॉकपाशी दोघे साडू उरले. काकांनी उघड्या भिंतीवरून अंगठा फिरवला. कड एकसारखी होती, वरपासून खालपर्यंत. कुठेही साचा सरकलेला नव्हता. आपल्या हातून अशी ओतीव वस्तू कधी झाली नाही, होणारही नाही, असा विचार आला आणि मुक्कामालाच राहिला.

"एक ब्लॉक वाया गेला तुमचा," ते म्हणाले.

"गेला," साडू म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत. "चार दिवसांचं काम होतं, दादा."

"या भिंतीचा एक छोटा तुकडा मला द्या. दुकानात ठेवतो. नव्या लोखंडाचं माप घ्यायला लागेल."

साडूंनी करवतीजवळ पडलेला भिंतीचा एक छोटा तुकडा उचलला, तेलकट कागदात गुंडाळला आणि एका पुठ्ठ्याच्या डबीत घातला. मग डबी काकांच्या हातात दिली.

"उघडून बघा हं मात्र," ते म्हणाले. "पेपरवेट नाहीये."

पेपरवेटचं बोलणं यांना कुणी सांगितलं, हे काकांनी विचारलं नाही. धाकटीचा आणि काकूंचा फोन रोज सकाळी आठला होतो, हे जगजाहीर होतं. त्यांनी साडूंच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिथे राग होता. चांगला, साधा, माणसासारखा राग, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दिसलेला.

काकांना एकदम हलकं वाटलं. "मोठे शहाणे," ते म्हणाले आणि डबी बगलेत मारून, बूट वाजवत त्या चकचकीत फरशीवरून बाहेर पडले.